सॅन फ्रान्सिस्कोची मतदार माहिती पुस्तिका: गोषवारा निर्धास्त वाचावा, विकत घेतलेली पाने तपासून घ्यावीत

सॅन फ्रान्सिस्को शहराचा निवडणूक विभाग प्रत्येक निवडणुकीपूर्वी नोंदणीकृत मतदारांच्या घरी एक पुस्तिका पाठवतो. तिच्यात नमुना मतपत्रिका असते, उमेदवारांची निवेदने असतात आणि शहराच्या मतदारांपुढे ठेवलेल्या प्रत्येक प्रस्तावाची माहिती असते. करदात्यांच्या पैशातून चालणारी ही एक सार्वजनिक सेवा आहे, आणि उपाहारगृहाचे किंवा बँकेचे परीक्षण आपण जितक्या काटेकोरपणे करतो तितक्याच काटेकोरपणे तिचेही झाले पाहिजे असे मला वाटते. येथे नागरिकत्व घेतलेल्या मराठी कुटुंबांत ही पुस्तिका बरेचदा न उघडताच रद्दीत जाते, म्हणून हा लेख मराठीत लिहीत आहे. परीक्षणासाठी नोव्हेंबर २०२४ ची पुस्तिका घेतली आहे, आणि तिच्या जोडीला त्याच निवडणुकीची कॅलिफोर्निया राज्याची मतदार मार्गदर्शिका. कारण त्या वेळी छोट्या दुकानदारांच्या जिव्हाळ्याचे दोन प्रश्न एकाच मतपत्रिकेवर आले होते. चोरी आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांना किती शिक्षा असावी, हा राज्याच्या प्रस्ताव ३६ चा विषय होता, तर शहराने व्यवसायांवर कर कसा आकारावा, हा शहराच्या प्रस्ताव एम आणि प्रस्ताव एल यांचा.

पुस्तिकेचा जो भाग मला मनापासून आवडतो, तो म्हणजे प्रत्येक प्रस्तावाच्या सुरुवातीचा गोषवारा. तो लिहिण्यासाठी शहराने ‘बॅलट सिम्प्लिफिकेशन कमिटी’ नावाची पाच जणांची समिती नेमलेली आहे. तिच्या सदस्यांची नावे लीग ऑफ विमेन व्होटर्स आणि वृत्तपत्र कर्मचाऱ्यांची संघटना अशा संस्था सुचवतात. समितीच्या बैठका खुल्या असतात, त्यामुळे प्रस्तावाच्या बाजूचे आणि विरोधातले लोक तेथे येऊन एकेका शब्दावर हरकत घेतात. आठवीच्या विद्यार्थ्याला समजेल अशा भाषेत लिहायचे, हे या समितीवर बंधन आहे. गोषवाऱ्याचे चार भाग ठरलेले आहेत: सध्याची स्थिती काय आहे, प्रस्ताव काय आहे, ‘होय’ मताचा अर्थ काय आणि ‘नाही’ मताचा अर्थ काय. हा साचा वर्षानुवर्षे बदललेला नाही आणि तो बदलू नये. कायद्याच्या भाषेत ‘होय’ म्हटल्याने एखादी गोष्ट सुरू होते की बंद पडते, याचा गोंधळ भल्याभल्यांचा होतो, आणि त्या एका गोंधळावर या चार मथळ्यांइतका साधा उपाय मी दुसरीकडे पाहिलेला नाही. गोषवाऱ्यानंतर शहराच्या नियंत्रकाचे, म्हणजे कंट्रोलरचे, निवेदन येते. प्रस्ताव मंजूर झाल्यास शहराच्या तिजोरीत किती भर पडेल किंवा तिच्यातून किती जाईल, एवढेच त्यात असते. प्रस्ताव चांगला की वाईट, याबद्दल नियंत्रक अवाक्षर काढत नाही.

प्रस्ताव एमच्या पानांवर या साच्याची खरी कसोटी लागली, कारण सॅन फ्रान्सिस्कोचा व्यवसाय कर हा मुळातच गुंतागुंतीचा विषय आहे. पूर्वी हे शहर व्यवसायांच्या पगारखर्चावर कर घेत असे, म्हणजे जितके जास्त लोक नोकरीला ठेवाल तितका कर अधिक. २०१२ च्या प्रस्ताव ईने त्याऐवजी एकूण उलाढालीवर कर लावण्याची सुरुवात केली, आणि पगारखर्चावरचा कर पुरता संपवायला २०२० चा प्रस्ताव एफ यावा लागला. मधल्या काळात २०१८ मध्ये बेघरांच्या सेवांसाठी ५ कोटी डॉलरहून अधिक उलाढालीवर वेगळा कर आला. २०२० मध्ये त्यात आणखी एका कराची भर पडली. ज्या कंपनीच्या सर्वोच्च अधिकाऱ्याचा पगार तिच्या शहरातील मधल्या पातळीच्या कर्मचाऱ्याच्या पगाराच्या शंभर पटींहून जास्त असेल, तिच्यावर तो लागू झाला. प्रस्ताव एमने या साऱ्या रचनेला एकदम हात घातला. करासाठी केलेले व्यवसायांचे १४ वर्ग कमी करून ७ केले, कराच्या हिशोबात शहरातील पगारखर्चाचे वजन घटवून शहरातील विक्रीचे वजन वाढवले, काही परवाना शुल्के कमी केली, आणि छोट्या व्यवसायांना मिळणाऱ्या सवलतीची मर्यादा २२ लाख ५० हजार डॉलर उलाढालीवरून ५० लाख डॉलरपर्यंत नेली. एवढा सगळा मजकूर समितीने मोजक्या परिच्छेदांत बसवला आहे आणि त्यातला एकही महत्त्वाचा मुद्दा सुटलेला नाही. करसल्लागार ज्या माहितीसाठी तासाच्या हिशोबाने पैसे घेतो, तिचा गाभा येथे फुकट मिळतो.

ओळखीच्या एका किराणा दुकानदाराने दुकानाच्या गल्ल्यावर उभे राहून, गिऱ्हाईक नसलेल्या वेळात, हीच पाने माझ्यासमोर वाचली. सवलतीच्या मर्यादेचे वाक्य येताच त्याने बोट तेथेच ठेवले आणि वर्षाच्या विक्रीचा आकडा आठवून पाहिला. आपण नव्या मर्यादेच्या पुष्कळ आत आहोत हे त्याला लगेच कळले. परंतु त्याचा पुढचा प्रश्न असा होता की, त्याच्यासारख्यांना सूट दिल्यावर शहराचे उत्पन्न कुठून भरून निघणार? उत्तर नियंत्रकाच्या निवेदनात होते: सुरुवातीच्या वर्षांत उत्पन्न घटेल आणि नंतर वाढेल. सामान्य मतदाराचा दुसरा प्रश्नसुद्धा पुस्तिकेने आधीच ओळखून ठेवावा, ही माझ्या मते सेवेच्या दर्जाची मोठी खूण आहे.

जिथे पुस्तिका कमी पडली, ती जागा प्रस्ताव एल आणि एम यांच्या परस्परसंबंधाची. प्रस्ताव एल हा उबर आणि लिफ्टसारख्या प्रवासी कंपन्या व चालकविरहित गाड्यांचे व्यवसाय यांच्या ५ लाख डॉलरच्या वरील उलाढालीवर १ ते ४.५ टक्के जादा कर लावून ते पैसे म्युनी या शहर वाहतूक सेवेला देण्याचा प्रस्ताव होता. प्रस्ताव एमच्या मजकुरात मात्र अशी तरतूद होती की, एमला एलपेक्षा जास्त मते मिळाली तर एल मंजूर होऊनही लागू होणार नाही. प्रत्यक्षात तसेच घडले. एलला सुमारे ५७ टक्के मते मिळाली, एमला सुमारे ७० टक्के, आणि अर्ध्याहून अधिक मतदारांनी मान्य केलेला कर कागदावरच राहिला. ही तरतूद गोषवाऱ्यात सांगितलेली आहे, त्यामुळे समितीने ती लपवली असे कोणी म्हणू शकणार नाही. पण ती इतर तपशिलांच्या रांगेत, त्याच टायपात आणि त्याच आवाजात येते. ज्या मतदाराला म्युनीची काळजी होती आणि छोट्या दुकानदारांनाही सूट मिळावी असे वाटत होते, त्याने दोन्हींवर ‘होय’ म्हटले, आणि त्याच्या दुसऱ्या ‘होय’ने पहिल्या ‘होय’च्या विरोधात काम केले. जेव्हा एक प्रस्ताव दुसऱ्याला रद्द करू शकतो, तेव्हा दोन्हींच्या पहिल्या पानावर, गोषवाऱ्याच्याही वर, चौकटीत तसे छापले पाहिजे. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नसावी, संपादकीय निर्णय पुरेसा आहे.

शिक्षेच्या प्रश्नाकडे वळायचे तर हातातली पुस्तिका बदलावी लागते. प्रस्ताव ३६ राज्याचा असल्याने त्याची माहिती शहराच्या पुस्तिकेत नसते, ती राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटने, म्हणजे राज्यातील निवडणुका पाहणाऱ्या अधिकाऱ्याने, काढलेल्या मार्गदर्शिकेत असते. तिची शिस्त वेगळी आहे. प्रस्तावाचे शीर्षक आणि सारांश राज्याचा अॅटर्नी जनरल ठरवतो, विश्लेषण लेजिस्लेटिव्ह अॅनालिस्टचे, म्हणजे विधिमंडळाच्या पक्षनिरपेक्ष विश्लेषकाचे, कार्यालय लिहिते, आणि त्यापुढे बाजूचा एक व विरोधातला एक असे दोनच युक्तिवाद, त्यांच्या प्रत्युत्तरांसह, छापले जातात. येथे युक्तिवाद छापून घ्यायला पैसे मोजता येत नाहीत.

या शीर्षकांची ताकद समजून घेण्यासाठी दोन वर्षांची पाने शेजारी ठेवावीत. २०१४ च्या प्रस्ताव ४७ ने ९५० डॉलरपर्यंतची बरीचशी चोरी आणि वैयक्तिक वापरासाठी अमली पदार्थ बाळगणे हे किरकोळ गुन्ह्यांत, म्हणजे मिसडिमीनरमध्ये, आणले. सॅन फ्रान्सिस्कोचे तेव्हाचे जिल्हा सरकारी वकील जॉर्ज गॅस्कॉन त्याच्या कर्त्यांपैकी एक होते. त्याच्या पुरस्कर्त्यांनी त्याला सुरक्षित वस्त्या आणि शाळा यांचा कायदा असे नाव दिले होते. २०२४ च्या प्रस्ताव ३६ ने यातल्या काही बाबी पुन्हा कडक केल्या, आणि त्याच्या पुरस्कर्त्यांनी त्याला बेघरपणा, व्यसन आणि चोरी कमी करण्याचा कायदा म्हटले. दोन्ही नावे ऐकून कोणीही मान डोलावेल. सरकारी शीर्षकाने मात्र दोन्ही वेळा हा मुलामा खरवडून काढला. २०१४ मध्ये मतदारांनी वाचले ते ‘फौजदारी शिक्षा, किरकोळ गुन्ह्याचा दंड’ अशा अर्थाचे शीर्षक, आणि २०२४ मध्ये ‘काही अमली पदार्थ व चोरीच्या गुन्ह्यांसाठी गंभीर गुन्ह्याचे आरोप ठेवण्यास मुभा आणि शिक्षेत वाढ’ अशा अर्थाचे. मतदाराला तो नेमके काय करीत आहे हे सांगणारे शीर्षक मिळणे, हा त्याचा हक्क आहे, आणि या दोन उदाहरणांत तो पाळला गेला.

विश्लेषणही तितकेच नेटके आहे. चोरीच्या ठरावीक गुन्ह्यांत पूर्वी दोनदा दोषी ठरलेल्या व्यक्तीने पुन्हा चोरी केली, तर ती ९५० डॉलरच्या आतली असली तरी तिला फेलनी म्हणजे गंभीर गुन्हा मानता येईल आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकेल, हे उदाहरणासह सांगितले आहे. वारंवार अमली पदार्थांसह सापडणाऱ्याला उपचार पूर्ण केल्यास आरोप काढून टाकण्याची आणि न केल्यास तुरुंगाची जी नवी रचना केली, तीही सोप्या शब्दांत आहे. त्यापुढचे आकडे तर प्रत्येक मतदाराने वाचायलाच हवे होते. राज्याच्या तुरुंगांत सुमारे ९० हजार कैदी आहेत आणि ही संख्या काही हजारांनी वाढू शकते. राज्याचा खर्च वर्षाला काही कोटी डॉलरपासून काही दशकोटी डॉलरपर्यंत वाढेल. प्रस्ताव ४७ मुळे वाचलेले सुमारे १० कोटी डॉलर दरवर्षी मानसोपचार, व्यसनमुक्ती, शाळागळती रोखणे आणि गुन्ह्यांतील पीडितांना मदत या कामांना मिळतात, त्यांत कपात होईल. उपचाराची सक्ती करणारा प्रस्ताव उपचारासाठी नवा पैसा देत नाही आणि असलेल्या पैशालाही कात्री लावतो, ही त्यातली सर्वांत महत्त्वाची बाब होती. ती विश्लेषणात आहे. प्रचाराच्या पत्रकांत ती शोधूनही सापडली नाही.

तरीही एका मोठ्या उणिवेकडे लक्ष वेधणे भाग आहे. शिक्षेबद्दल सॅन फ्रान्सिस्कोच्या लोकांचे स्वतःचे काय म्हणणे आहे, हे सांगणारे एकही पान मतदाराच्या हाती पडत नाही. या शहराने २०२२ मध्ये जिल्हा सरकारी वकील चेसा बुदिन यांना मुदतीपूर्वी पदावरून परत बोलावले, ते मुख्यतः गुन्हे आणि शिक्षा याच प्रश्नावर. प्रस्ताव ३६ ला तेव्हाच्या महापौर लंडन ब्रीड यांचा पाठिंबा होता आणि राज्यपाल गॅव्हिन न्यूसम, जे पूर्वी याच शहराचे महापौर होते, त्यांचा विरोध होता. शहरातील दुकानदार, सरकारी बचाव वकील, व्यसनमुक्ती केंद्रात काम करणारे, सगळ्यांची मते तीव्र आणि वेगवेगळी होती. राज्यभर सुमारे ६८ टक्के मतांनी प्रस्ताव मंजूर झाला आणि या शहरातही बहुमत त्याच्याच बाजूने पडले. तो आपल्या तुरुंगांवर, न्यायालयांवर आणि उपचार केंद्रांवर काय परिणाम करील, याचे शहरापुरते उत्तर मात्र कुठेच नव्हते. हॉल ऑफ जस्टिस या शहराच्या फौजदारी न्यायालयांच्या इमारतीतला जुना तुरुंग २०२० मध्ये बंद झाला आहे. अशा शहरात स्थानिक तुरुंगात जास्त माणसे येतील असे सांगितल्यावर ती कुठे ठेवणार आणि कोणाच्या पैशाने, हे नियंत्रकाने एका परिच्छेदात सांगायला काय हरकत असावी? कराच्या प्रस्तावाला जो न्याय मिळतो, तो शिक्षेच्या प्रस्तावालाही मिळावा. शिक्षेचाही खर्च असतो आणि तोही शहरालाच उचलावा लागतो.

आता शहराच्या पुस्तिकेतील ज्या पानांबद्दल वाचकाला सावध करायचे आहे, त्या पानांकडे येतो. शहराच्या प्रस्तावांवर एक अधिकृत समर्थक आणि एक अधिकृत विरोधक यांचे युक्तिवाद विनामूल्य छापले जातात, आणि त्यानंतर पैसे भरून छापून घेतलेले युक्तिवाद सुरू होतात. दर २०० डॉलर आणि शिवाय प्रत्येक शब्दामागे २ डॉलर असा आहे. शुल्काऐवजी मतदारांच्या सह्या गोळा करून देण्याचीही सोय आहे. कल्पना चांगली आहे, कारण वर्तमानपत्रात जाहिरात देण्याच्या खर्चाच्या एका अंशात कोपऱ्यावरच्या दुकानदारालाही शहरातील प्रत्येक मतदाराच्या घरी आपले म्हणणे पोहोचवता येते. काही युक्तिवाद खरोखर त्याच तळमळीने लिहिलेले असतात आणि ते वाचताना त्या माणसाची गल्ली डोळ्यांसमोर उभी राहते.

पण ज्यांच्याकडे पैसे जास्त, त्यांची पाने जास्त, हेही तितकेच खरे आहे. एखाद्या प्रस्तावाच्या बाजूने शिक्षक, परिचारिका, व्यापारी, वस्तीतील मंडळ अशा निरनिराळ्या लोकांच्या नावाने ओळीने युक्तिवाद येतात. वाचणाऱ्याला वाटते की सगळे शहर एका सुरात बोलत आहे. वस्तुतः त्यांतल्या अनेकांचे छपाई शुल्क एकाच प्रचार समितीने भरलेले असू शकते. हे ओळखण्याचा मार्ग पुस्तिकेतच आहे, आणि तो माहीत नसणे हे मतदाराचे सर्वांत मोठे नुकसान आहे. प्रत्येक विकत घेतलेल्या युक्तिवादाखाली, सहीच्या खाली, या युक्तिवादाच्या छपाई शुल्काचा खरा स्रोत कोण, हे सांगणारे एक वाक्य असते. शुल्क एखाद्या समितीने भरले असेल, तर त्या समितीला सर्वाधिक देणगी देणाऱ्या तिघांची नावेही तेथेच क्रमाने छापलेली असतात. मी नेहमी आधी हे वाक्य वाचतो आणि मग वर जाऊन युक्तिवाद वाचतो. कराच्या प्रस्तावांच्या बाबतीत तर हे अनिवार्य समजावे, कारण कर कोणावर पडणार आणि कोणाचा कमी होणार, हे ज्याला नेमके ठाऊक आहे तोच सहसा छपाईचा खर्च उचलतो.

त्याच पानांच्या तळाशी आणखी एक सूचना असते: येथील मते लेखकांची आहेत, कोणत्याही सरकारी कार्यालयाने त्यांची सत्यता तपासलेली नाही, आणि शुद्धलेखनाच्या व व्याकरणाच्या चुका दुरुस्त केलेल्या नाहीत. निवडणूक विभागाची ही भूमिका मला पटते, कारण मतांची सत्यता सरकार तपासू लागले तर उद्या नको असलेली मतेही गळू लागतील. मात्र शहराच्या शिक्क्याच्या पुस्तिकेत, गोषवाऱ्याच्याच कागदावर आणि जवळजवळ त्याच टायपात हा मजकूर येत असल्याने अनेक वाचक त्यालाही सरकारी माहिती समजतात. या पानांचा रंग वेगळा ठेवावा आणि पैशाच्या स्रोताचे वाक्य युक्तिवादाच्या डोक्यावर, ठळक अक्षरांत छापावे, अशी माझी विभागाला विनंती आहे.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला या पुस्तिकेचे मोल जरा जास्तच वाटते. जकात जाऊन तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, २०१३ मध्ये त्याविरुद्ध पुण्यामुंबईच्या व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली, २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी तो रद्द झाला आणि मुंबईची जकात २०१७ मध्ये जीएसटी येईपर्यंत चालू राहिली. या सगळ्या काळात सामान्य नागरिकाला कर म्हणजे काय, तो कोण भरतो आणि रद्द झाल्यास महापालिकेचे काय होईल, हे आठवीच्या भाषेत सांगणारा एकही सरकारी कागद हाती पडला नाही. तेथे करावर थेट मतदान होत नाही हे मान्य, पण माहिती देण्यासाठी मतदान व्हावेच लागते असे नाही.

पुस्तिका इंग्रजीखेरीज चिनी, स्पॅनिश आणि फिलिपिनो भाषांत मिळते. मोठ्या अक्षरांची आणि ध्वनिमुद्रित आवृत्तीही मागवता येते, तसेच संपूर्ण मजकूर विभागाच्या संकेतस्थळावर असतो. मराठीत ती मिळत नाही. घरातील ज्येष्ठांना इंग्रजी जड जात असेल, तर त्यांच्याबरोबर बसून प्रत्येक प्रस्तावाचा फक्त गोषवारा आणि नियंत्रकाचे निवेदन मोठ्याने वाचून मराठीत समजावून सांगावे. मतपत्रिका टपालाने घरी आलेलीच असते, त्यामुळे हे काम एका बैठकीत संपवण्याची घाई करावी लागत नाही.

जुन्या पुस्तिका टाकून दिल्या असतील तरी हरकत नाही. सॅन फ्रान्सिस्को सार्वजनिक ग्रंथालयाने १९०७ पासूनच्या शहराच्या प्रस्तावांचा संग्रह खुला ठेवला आहे. पुढच्या वेळी व्यवसाय कराचा प्रस्ताव आला, की त्यावर मत देण्यापूर्वी २०१२ च्या प्रस्ताव ईची आणि २०२० च्या प्रस्ताव एफची पाने तेथून काढून वाचावीत. त्या वेळी कोणी काय सांगितले होते आणि छपाईचा खर्च कोणी उचलला होता, हे दोन्ही तेथे मिळते.